जुन्या गाडीसाठी एच-४ रिले किट: घ्यावं, पण खोक्यातून काढून तसंच लावू नये

घोडबंदर रस्ता, गायमुखच्या आसपास, पावसाची रात्र. रस्ता काळा, त्यावर पाण्याचा थर आणि समोरून कंटेनरांची रांग. पंधरा-वीस वर्षं जुन्या मारुती ८००, ओम्नी, झेन किंवा जिप्सीत बसलेल्या माणसाला आपले हेडलाइट चालू आहेत की नाहीत अशी शंका येते ती इथेच. मग बल्ब बदलले जातात आणि उजेड जवळपास तेवढाच राहतो. त्यानंतर कुणीतरी १००/९० वॅटचे बल्ब सुचवतो आणि महिनाभरात कपलर, म्हणजे बल्बच्या मागे बसणारा वायरिंगचा प्लग, वितळतो. खरा दोष बहुतेक वेळा बल्बचा नसतो. बल्बपर्यंत पोचणाऱ्या व्होल्टेजचा असतो. रिले किट त्यावरच काम करतं. रिले म्हणजे थोड्याशा करंटने चालणारा स्विच, तो बल्बला लागणारा मोठा करंट थेट बॅटरीकडून जोडतो.

ठाणे-नवी मुंबईतल्या ऑटो अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत आणि ऑनलाइन जे तयार एच-४ किट (एच-४ हा हॅलोजन हेडलाइट बल्बचा प्रकार) मिळतं, त्यात साधारण दोन रिले, एक-दोन फ्यूज होल्डर, बल्बसाठी दोन सिरॅमिक कपलर, गाडीच्या मूळ कपलरमध्ये खोचायचा एक मेल प्लग, बॅटरीसाठी थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) आणि अर्थच्या, म्हणजे करंट परत बॅटरीच्या निगेटिव्हकडे नेणाऱ्या, दोन-तीन वायरी असतात. त्याबद्दलचं मत आधीच सांगून टाकतो. कल्पना उत्तम आहे आणि मेल प्लग व सिरॅमिक कपलर तयार मिळतात एवढ्यासाठीसुद्धा किट घेण्यासारखं आहे. पण बिनछापी स्वस्त किटमधली अर्थिंग आणि फ्यूजची मांडणी लावण्याआधी दुरुस्त करून घ्यावी. वायर खोटी निघाली तर किट परत करावं.

आधी हिशेब. एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे अप्परला (लांबच्या झोताला) ६० आणि डिपरला (खालच्या झोताला) ५५. त्याचा उजेड १३.२ व्होल्टवर मोजतात. डिपरला सुमारे १००० ल्युमेन, अप्परला सुमारे १६५०. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, साधारण ३.४ व्या घाताने कोसळतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्के जातो. जुन्या गाडीत करंट बॅटरीकडून फ्यूज बॉक्स, स्टिअरिंगखालचा काँबिनेशन स्विच, डिपरचा स्विच आणि मग बल्ब असा फिरून येतो. चार मीटर वायर १ स्क्वेअर एमएमची धरली तर तिचा रोध ७२ मिलिओहम. दोन्ही बल्बचे मिळून १० अँपिअर गेले की एवढ्यातच ०.७ व्होल्ट गळाला. वाटेतले सहा-सात जोड आणि स्विचचे घासलेले कॉन्टॅक्ट मिळून आणखी व्होल्टभर खातात. अल्टरनेटर १४ व्होल्ट देत असला तरी बल्बला मिळतात १२.२. म्हणजे कंपनीने ठरवलेल्या उजेडाच्या तीनचतुर्थांश.

रिले लावल्यावर बॅटरीपासून रिलेपर्यंत दीड मीटर २.५ स्क्वेअर एमएम आणि पुढे प्रत्येक बल्बला १.५ स्क्वेअर एमएमची वायर येते. फ्यूज, रिले आणि अर्थ धरून गळती ०.३ ते ०.४ व्होल्टवर थांबते. बल्बला १३.६ व्होल्ट मिळतात. १२.२ वरून १३.६ वर गेलं की उजेड जवळपास दीडपट होतो आणि बल्ब तोच राहतो. स्टिअरिंगखालच्या स्विचमधून आता १० अँपिअरऐवजी रिलेच्या कॉइलपुरता, म्हणजे ०.१५ अँपिअरच्या आसपास करंट जातो. जुन्या मॉडेलचा काँबिनेशन स्विच शोधत फिरावं लागतं, तो वाचणं हा छोटा फायदा नाही.

पण हा हिशेब आपल्या गाडीला लागू आहे का, हे किट घेण्यापूर्वी मोजा. मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, लाइट चालू, बल्ब जागेवर. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि काळं टोक कपलरच्या मागच्या बाजूने चालू पिनला टेकवा. जो आकडा येईल ती पॉझिटिव्ह बाजूची गळती. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं बल्बच्या अर्थ पिनवर, ती अर्थची गळती. दोन्हींची बेरीज ०.५ व्होल्टच्या आत असेल तर किटवर पैसे घालू नका, दोष दुसरीकडे आहे. बल्ब काढून मोजलं तर करंटच वाहत नाही, त्यामुळे सगळं ठणठणीत दिसतं. ही चूक गॅरेजमध्येही सर्रास होते.

बेरीज कमी आहे आणि तरी उजेड नाही, अशा वेळी काच आणि रिफ्लेक्टर बघा. प्लॅस्टिकची काच पिवळी पडली असेल तर ती घासून पॉलिश करता येते. रिफ्लेक्टरचा मुलामा उडून तो राखाडी झाला असेल तर पूर्ण हेडलाइट बदलण्याशिवाय उपाय नाही. खाडीकाठच्या दमट हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत, ज्यांचं बल्बमागचं रबरी झाकण (बूट) फाटलेलं आहे, तिथे हे हमखास सापडतं.

आता किट हातात घेऊन काय तपासायचं ते. सगळ्यात आधी वायर. जाड दिसते म्हणून ती जाड नसते. स्वस्त किटमध्ये प्लॅस्टिक जाड आणि आतली तार बारीक असते. टोकाला थोडी सोलून तारा मोजा. ०.२५ मिमी जाडीच्या तारा असतील तर १.५ स्क्वेअर एमएमला ३० आणि २.५ ला ५० च्या आसपास हव्यात. मग एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. ते सारख्याच जाडीत तांब्यापेक्षा बरंच कमी करंट वाहतं, क्रिम्पखाली (दाबून केलेल्या जोडात) दबून सैल होतं आणि पावसाळी हवेत गंजतं. असं किट परत करा, दुरुस्त करत बसू नका. वायर बदलायचीच ठरली तर एफएलआरवाय-बी जातीची ऑटो वायर मागा. तिचं आवरण १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. घरगुती फिटिंगची पीव्हीसी वायर ७० अंशांसाठी असते आणि बॉनेटखाली रेडिएटरजवळ ती काही वर्षांत कडक होऊन तडकते.

रिलेवर १२ व्होल्ट लिहिलेलं आहे का, हे वाचून घ्या. ही सूचना आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. कळंबोली, तुर्भे, जेएनपीटीकडच्या पट्ट्यात ट्रक-ट्रेलरचं काम मोठं आणि ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची. दोन्ही रिले दिसायला सारखेच, पायांवर तेच ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे. २४ व्होल्टचा रिले कारमध्ये लावला तर कधी ओढतो, कधी नुसता थरथरतो आणि कॉन्टॅक्ट जळतात. बल्बचंही तसंच. ट्रकचा एच-४ बल्ब ७५/७० वॅट, २४ व्होल्टचा. तो कारच्या होल्डरमध्ये अगदी बरोबर बसतो आणि लालसर, मरगळलेला जळतो. बाकी त्या भागातल्या ट्रक-इलेक्ट्रिशियनांचा हात क्रिम्पिंगला चांगला बसलेला असतो आणि जाड वायर त्यांच्याकडे असतेच. काम करून घ्यायला ती जागा वाईट नाही, फक्त सुटे भाग आपण वाचून द्यावेत.

फ्यूजची मांडणी हा स्वस्त किटचा सगळ्यात मोठा दोष. अनेकांत दोन्ही रिलेंना मिळून एकच फ्यूज असतो. तो उडाला की अप्पर आणि डिपर दोन्ही एकदम जातात. माळशेजच्या वळणावर असं झालं तर काय होईल ते सांगायला नको. डिपरच्या रिलेला एक आणि अप्परच्या रिलेला एक असे दोन वेगळे फ्यूज हवेत, प्रत्येकी १५ अँपिअरचा. अप्परला दोन्ही बल्ब मिळून १० ते ११ अँपिअर ओढतात, त्यामुळे तिथे २० चा घातला तरी २.५ स्क्वेअर एमएमची वायर तो सांभाळते. ३० चा घालू नका. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. फ्यूजच्या आधीची वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर तिला वाचवणारं काहीच नसतं, म्हणून तो तुकडा जितका आखूड तितकं बरं. काचेच्या नळीचा फ्यूज असेल तर तो होल्डर कापून ब्लेड फ्यूजचा, रबरी झाकणाचा होल्डर लावा. काचेच्या फ्यूजची स्प्रिंग पावसात गंजते आणि मग तोच जोड गरम होऊ लागतो.

सिरॅमिक कपलर मात्र किटमधली सगळ्यात उपयोगी वस्तू. कंपनीचा प्लॅस्टिक कपलर सैल पिनमुळे तापून तपकिरी होतो, मग पिन आणखी सैल होते, मग वितळतो. सिरॅमिक वितळत नाही. पण आतली पत्र्याची पकड ढिली असेल तर तेही तापतंच, म्हणून बल्ब खोचून बघा. सहज निघाला तर पकड बारीक चिमट्याने किंचित दाबून घ्या. दुसरी गोष्ट, सिरॅमिक कपलर लांबीला जास्त असतो. काही गाड्यांत त्यावर मूळ रबरी बूट नीट बसत नाही आणि फट राहते. पहिल्या पावसात त्या फटीतून बाष्प आत जातं. बूट बसत नसेल तर बूटच्या मानेचा घेर वाढवण्यापेक्षा नवं बूट आणा.

लावण्याआधीची सगळ्यात गरजेची तपासणी म्हणजे गाडीचं स्विचिंग कोणत्या बाजूने आहे ती. बाजारातली बहुतेक किटं पॉझिटिव्ह स्विचिंग, म्हणजे स्विच बल्बची पॉझिटिव्ह बाजू जोडतो-तोडतो असं, गृहीत धरून बनवलेली असतात. जपानी बनावटीच्या काही जुन्या गाड्यांत उलटं असतं. बल्बच्या सामाईक पिनला कायम १२ व्होल्ट आणि स्विच डिपर किंवा अप्परची पिन अर्थला जोडतो. अशा गाडीला साधं किट खोचलं तर दिवे लागत तरी नाहीत, नाहीतर सामाईक पिनमधला पॉझिटिव्ह किटच्या अर्थला मिळून शॉर्ट होतो. तपासायला दोन्ही बाजूंचे कपलर काढा. एकच काढला तर दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटं व्होल्टेज येतं आणि मीटर फसवतो. लाइट लावून काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा आणि लाल टोक तिन्ही पिनांना लावत जा. डिपरवर एका पिनेत १२ आणि अप्परवर दुसऱ्या पिनेत १२ आले तर साधं किट चालेल. डिपर असो वा अप्पर, त्याच एका पिनेत १२ येत राहिले तर गाडी अर्थ स्विचिंगची आहे.

मग करायचं असं की दोन्ही रिलेंच्या कॉइलची अर्थला जाणारी वायर बॉडीपासून तोडून मेल प्लगच्या सामाईक पिनला जोडायची. कॉइलची दुसरी टोकं डिपर आणि अप्परच्या पिनांना. सामाईक पिन किटच्या बॉडी अर्थला कुठेही लागता कामा नये. रिलेत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर ८६ पॉझिटिव्हकडे आणि ८५ निगेटिव्हकडेच राहिलं पाहिजे, उलटं झालं तर डायोड जळतो. ८७ हून बल्बला जाणारा भाग दोन्ही प्रकारच्या गाड्यांत सारखाच.

प्रत्यक्ष काम दोन-अडीच तासांचं आहे. बॅटरीचं निगेटिव्ह काढून सुरुवात करा. रिलेंची जागा बॅटरीजवळच्या बॉडीच्या पत्र्यावर, रेडिएटरच्या गरम वाऱ्याबाहेर ठरवा. पाय खाली येतील असे बसवा म्हणजे वरून आलेलं पाणी आत साचत नाही. मजिवड्याच्या पुलाखाली किंवा सानपाड्याच्या सबवेत पाणी तुंबतं तेव्हा बंपरच्या मागे, खाली बसवलेला रिले बुडतो. वायरी जाळीदार किंवा चिरलेल्या कोरुगेटेड स्लीव्हमधून न्या. काळी चिकट टेप बॉनेटच्या उष्णतेत विरघळून ओघळते, तिच्याऐवजी कापडी टेप वापरा. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे ग्रोमेट (भोकाच्या कडेची रबरी कडी) नसेल तर ती जागा बदला. जोड सोल्डर करण्यापेक्षा नीट क्रिम्प करून वर गोंदाची हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. सोल्डरजवळ तार ताठर होते आणि इंजिनच्या कंपनाने तिथेच तुटते. पक्कडने दाबलेलं थिंबल म्हणजे क्रिम्प नव्हे, हेही कारागिराला आधीच सांगा.

अर्थिंगला किटमधली बारीक काळी वायर पुरत नाही. जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो, हे किट बनवणारे विसरतात. प्रत्येक हेडलाइटला १.५ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र अर्थ द्या. बॉडीवरचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, ६ मिमीचा बोल्ट, दातेरी वॉशर, वर ग्रीसचा हात. त्याच बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्हला एक २.५ ची वायर ओढली तर जुन्या बॉडीच्या गंजलेल्या जोडांवर अवलंबून राहावं लागत नाही. मेल प्लग एकाच बाजूच्या मूळ कपलरमध्ये जातो. दुसऱ्या बाजूचा कपलर मोकळा उरतो, त्यावर ग्रीस भरून टोपी घाला आणि बांधून ठेवा. उघडा लोंबत राहिला तर एक दिवस पत्र्याला टेकतो.

बल्ब ६०/५५ चाच ठेवा. १००/९० चा बल्ब रस्त्यासाठी नियमात बसत नाही. त्याची उष्णता प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर भाजते आणि त्याचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचे बल्ब खोचू नयेत. त्यांचा प्रकाश फिलामेंटच्या नेमक्या जागेवरून निघत नाही, म्हणून झोत फाटतो. गाडी पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आरटीओत फेरनोंदणीला न्यावीच लागते. एमएच-०४ असो की एमएच-४३, तिथे दिवे बघितले जातात. मूळ वॅटचे बल्ब आणि नीट झोत असेल तर रिलेमुळे अडचण येण्याचं कारण नाही.

एक किंमत मात्र मोजावी लागते. व्होल्टेज वाढलं की बल्बचं आयुष्य कमी होतं. १३.२ ऐवजी १३.६ व्होल्टवर ते साधारण एक तृतीयांशाने घटतं. रिले लावण्याआधी अल्टरनेटरचं व्होल्टेज मोजा. ते १४.५ च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर बघून घ्या. आजवर वायरिंगची गळतीच बल्बला वाचवत होती, ती गेली की बल्ब पटापट उडतील. आणि कापूरबावडीच्या कोंडीत एसी, वायपर, ब्लोअर चालू असताना आयडलवर दिवे मंदावतात, त्यावर रिलेचा इलाज नाही. तिथे अल्टरनेटरच कमी पडत असतो.

किटची किंमत हजार रुपयांच्या आतबाहेर असते. फ्यूज होल्डर, अर्थची वायर आणि थिंबलं मिळून वर थोडा खर्च येतो. या पैशांत हाताने बनवलेलं पूर्ण हार्नेसही (वायरींचा तयार जुडगा) होऊ शकतं. ज्याच्याकडे चांगलं क्रिम्पिंग टूल आणि वेळ आहे त्याने सरळ तेच करावं, त्यात प्रत्येक वायरीची लांबी आपल्या गाडीच्या मापाची राहते. बाकीच्यांनी ऑटो इलेक्ट्रिकलमधल्या नावाजलेल्या कंपनीचं किट घ्यावं आणि वर सांगितलेले बदल करून घ्यावेत. बिनछापी किट दोनशे-तीनशे रुपये वाचवतं, पण ते पैसे त्याची वायर बदलण्यातच जातात.

काम झाल्यावर झोत लावून घ्या, कारण उजेड वाढला की आधी न जाणवलेला चुकलेला झोतही समोरच्याला जाणवतो. सपाट जागी, टायरांत बरोबर हवा आणि चालकाच्या सीटवर माणूस बसवून, गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. डिपरची वरची कड बल्बच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटर खाली यायला हवी आणि तिचा चढता भाग डावीकडे. मग अप्पर लावून वीस मिनिटं इंजिन चालू ठेवा आणि फ्यूज होल्डर, रिले, बॅटरीवरचं थिंबल यांना एकेक करून बोट लावा. कोमट चालेल. जिथे बोट टिकत नाही तो जोड त्याच दिवशी कापून नव्याने क्रिम्प करा.